पत्र्याची वाकळ

माहं नाव देवराव. गाव इचारता तं काय सांगू तुम्हाले, गाव आता पान्यात आहे. पारशिवनीच्या वरत, पेंचच्या काठाले होतं, चाळीसक घरं, एक मारुतीचं देऊळ, चौथीपर्यंतची शाळा, अन् नदीच्या अंगाले आमचं पाच एकर वावर. धरन झालं, पानी चढाले लागलं, तसं आम्हाले दुसरीकडे जागा देली अन् बंडीत सामान भरून आम्ही निंघालो. मी तवा बारा वर्षांचा होतो. बंडीत बसल्या बसल्या मी बाबाले इचारलं, बाबा, आपली विहीर धरनात बुडन तं त्यातलं विहिरीचं पानी कोनतं अन् नदीचं कोनतं हे कसं समजन? मायनं माह्या पाठीत एक धपका देला, म्हने चूप बस, बापाले रडवतं काय. मले त्याले रडवाचं नव्हतं हो. मले खरंच समजून घ्याचं होतं.

असा मी लहानपनापासून. मास्तर कंटाळून जाये. मले मारे तो दोन गोष्टीसाठी, एक म्हनजे सारखं काहून काहून इचारतो म्हनून, अन् दुसरं म्हनजे मी मले म्हनतो म्हनून. मला म्हण, मला, अशी छडी मारे अन् म्हने. मी म्हनो मला, अन् घरी आलो का पुन्हा मले. नवीन गावात आम्हाले बरडीची जमीन भेटली, सारे दगडं. माहं मन काही लागलं नाही तिथं, नववीत नापास झालो, अन् मामानं मले नागपूरले आनलं, इथं नंदनवन वस्तीत. मामाचं कूलर बनवाचं दुकान होतं. हेच दुकान. हे शटर तेवढं नवीन आहे.

आता नागपूरचा उन्हाळा तुम्हाले का सांगाचा, तुम्ही इथलेच. एसी आता आले, पन माह्या सारख्याच्या घरी अजूनही पत्र्याचाच कूलर, तीन बाजूले वाळ्याच्या ताट्या, खालत पान्याची टाकी, आत पंखा. त्या पत्र्याले आम्ही धंद्यातले लोक चादर म्हनतो. चादर कापाची, चादर मोडाची, चादरीले रिव्हेट मारून पेटी जोडाची. चाळीस वर्षं झाले मी हेच करून राहिलो. मामा गेला, दुकान माह्याकडे आलं, लग्न झालं, दोन पोरी झाल्या, त्या आपापल्या घरी गेल्या. आता घरी मी, माही बायको लता, अन् माय. मायचं वय कोनाले मालूम नाही, ऐंशीच्या वर आहे. दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत धंदा थंडाच राहते, तवा मी दुकानात बसून पेपर वाचतो अन् येनाऱ्या-जानाऱ्याले काही काही इचारत राहतो. लता म्हनते, लोकं तुमच्या दुकानासमोरून जानं टाळते.

तं दोन हिवाळ्याआधी असाच बसलो होतो, अन् ह्या पलीकडच्या शाळेतल्या ड्रॉइंगच्या अश्विनी मॅडम आल्या. म्हने, देवरावजी, आम्हाला एक चादर बनवायची आहे, मोठी, मुलांकडून. मी म्हनलं बनवू ना, किती गेजची? मॅडम म्हने, गेज म्हणजे? मी म्हनलं जाडी. मॅडम म्हने, नाही हो, अंगावर घ्यायची चादर. मी म्हनलं मॅडम, मंग तुम्ही चुकीच्या दुकानात आल्या, गादीवाला पुढच्या गल्लीत आहे. लय हसल्या त्या. मंग त्यांच्या मांगं उभी असलेली एक बाई समोर आली. ठेंगनी, साठ-पासष्टची, पांढऱ्या केसाची लांब येनी, डोळ्यावर मोठा चष्मा, अंगात स्वेटर. मले वाटलं भंडारा-गोंदियाकडची असन. मी म्हनलं बसा बाई, चहा घेता काय? तिनं मॅडमकडे पाह्यलं. ती अमेरिकेची निंघाली.

आता अमेरिकेची म्हटल्यावर मी काय चूप बसतो? मी इचारलं, गोरी काहून नाही? मॅडम ओशाळल्या, पन तिनं मॅडमले इंग्रजीत सांगाले लावलं, काय म्हनते ते. म्हने मी लकोटा जमातीची आहे. गोरे येयाच्या आधीपासून आम्ही तिथलेच. मी म्हनलं हाव हाव, समजलं, रेड इंडियन. तिनं मान हालवली, म्हने ते नाव आम्हाले दुसऱ्यानं देलं, अन् तेही वाट चुकून, तो तुमचा इंडिया शोधून राहिला होता. मले काही वेळानं समजलं अन् मी असा हसलो ना, म्हनलं म्हनजे माह्या नावानं तुम्हाले हाक मारून राहिले इतके वर्षं!

तिचं नाव लोरेटा. मॅडमची अन् तिची कुठल्यातरी कार्यक्रमात ओळख झाली होती, अन् ती दोन महिने मॅडमच्या घरी राहाले आली होती. तिकडे ती वाकळी शिवते. आपल्यासारखीच वाकळ, फाटेल कापडाचे तुकडे जोडून, पन त्यावर मधात एक मोठी आठ कोनाची चांदनी राहते, शंकरपाळ्यावानी तुकडे जोडत जोडत मधातून बाहेर वाढवलेली. तिनं मले फोटो दाखवले. मी म्हनलं ही कोनती चांदनी? ती म्हने पहाटेची. म्हनलं म्हनजे आमची शुक्राची, माहा बाबा तिले पाहूनच बैल सोडे. ती म्हने, अगोदर आम्ही रेड्यावानी जे मोठे जनावरं राहते, त्याचं कातडं पांघरत होतो, मान द्याचा तं कातडंच देत होतो, मंग ते जनावरं मारून संपवले, तवा बायांनी कापडाची चांदनी शिवाले घेतली. कोनाचं पोरगं शिकून पास झालं, कोनी लढाईतून वापस आलं, कोनी मेलं, तं त्याच्या खांद्यावर ती टाकाची. अन् मॅडमच्या डोक्यात आलं का नववीच्या पोराकडून अशी एक चांदनी पत्र्याची बनवाची अन् शाळेच्या मैदानात उभी कराची. मी त्या बाईले एकच इचारलं, तुमची वस्तू आम्ही बनवली तं तुमच्या लोकाले चालन ना? मॅडम म्हने देवरावजी, हा प्रश्न मी विचारायला हवा होता. ती बाई म्हने चांदनी कोनाची नसते, पन शिवनं कोनाकडून शिकले हे पोरांनी दरवेळी सांगाचं, एवढंच माहं मागनं. मी म्हनलं मंग जमलं.

चादर कुठून आनली हे सांगतो. नागपुरात असं एक घर दाखवा का ज्याच्या गच्चीवर एक गंजेल कूलर पडून नाही. पोरांनी दोन दिवसांत एकवीस आनले. कोनी सायकलवर, कोनी बापाच्या ऑटोत. त्यातले चार तं मीच बनवले होते, रिव्हेटावरून ओळखले. टाकीचा भाग सडेल राहते, तो फेकला, पन वरची चादर चांगली निंघाली. बहात्तर तुकडे लागनार होते अन् नववीच्या दोन तुकड्या मिळून पोरंही बहात्तरच. म्हनजे एका पोराचा एक तुकडा. तो त्यानंच कापाचा, त्यानंच कानशीनं घासाचा, त्यानंच रंगवाचा, अन् मांगच्या बाजूले ज्याले मान द्याचा त्याचं नाव लिहाचं. कोनी आजीचं लिहिलं, कोनी आत्याचं, एकानं स्कूलबसच्या ड्रायव्हरचं लिहिलं, एकीनं आपल्या मेलेल्या कुत्र्याचं.

पत्र्याची कातर पोरांनी कधी हातात धरली नव्हती. पयल्या दिवशी तीन जनाचे बोटं कापले, मी घाबरलो, दुसऱ्या दिवशी लतानं जुन्या जीन्सचे हातमोजे शिवून देले. सारे मले काका म्हनत. लोरेटाबाईले सुरुवातीले मॅडम म्हनत, तं ती म्हने आमच्याकडे आजीले उंची म्हनते, मले उंची म्हना. आता ती बाई माह्या खांद्यालेही लागत नव्हती, अन् पोरं मैदानभर ओरडत, उंची, ओ उंची! तिले कोनीतरी आपल्याकडे उंचीचा अर्थ का आहे ते सांगितलं, तवापासून हाक मारली का ती टाचा वर करून उभी राहे.

त्या पोरांत एक साक्षी होती. तिचा बाप खापरखेड्याच्या पॉवर हाउसमध्ये कामाले, इथून जाये-ये करे. ती पोरगी कमी बोलनारी, पन हातात कातर धरली तं रेष सोडत नव्हती. मी तिले म्हनलं, तू मामाच्या दुकानात असती तं मले नोकरी भेटली नसती वं. बाकीचे पोरं कापून झाले का कंपासपेटी दप्तरात टाकत, ही कंपासपेटी उघडीच ठेवे. हे मी पाह्यलं होतं, पन तवा मले त्याचं काही वाटलं नाही.

एका दुपारी उंची अन् मॅडम दुकानात चहा पिऊन राहिल्या होत्या. मी इचारलं, तुमचं गाव कसं आहे? ती म्हने रिझर्वेशन. मले वाटलं नोकरीतलं. तं तिकडे रिझर्वेशन म्हनजे सरकारनं नेमून देलेली जमीन, एवढ्यात राहा. अन् मंग तिनं सांगितलं का तिच्या आजीचं घर नदीकाठी होतं, तिथं मोठे मोठे झाडं होते, रानातले फळं होते, औषधाचा पाला होता, अन् नदीवर धरन झालं अन् ते सारं खालत गेलं. लोकाले वरच्या माळावर नेलं, तिथं झाड नाही, निसता वारा. मॅडम इंग्रजीतून मराठीत सांगून राहिल्या होत्या, अन् मी चहाचा कप तसाच हातात धरून बसलो. मी म्हनलं, मॅडम, तिले इचारा, उन्हाळ्यात पानी उतरते तवा काही दिसते काय. ती म्हने दिसते. वाळेल झाडाचे शेंडे वर निंघते. मी म्हनलं, आमच्या देवळाची पायरी दिसते.

मॅडम बोलाच्या थांबल्या. म्हने, कोणत्या देवळाची? मी म्हनलं पेंचच्या धरनात, माह्या गावच्या. मॅडम म्हने, देवरावजी, आम्ही दर वर्षी मुलांना घेऊन त्या धरणावर सहलीला जातो. मी म्हनलं जा ना, चांगली जागा आहे. चाळीस वर्षांत मी ही गोष्ट लताशिवाय कोनाले सांगितली नव्हती. कोनी इचारलीच नव्हती.

आता खरी गोष्ट सांगतो, माह्या चुकीची. फर्मा मी बनवला होता. फर्मा म्हनजे नमुना, त्यावर ठेवून पोरं पत्र्यावर रेष मारत. नऊ तुकड्यांची एक फाक, अशा आठ फाकी गोल बसाच्या तं दर फाकीचं टोक पंचेचाळीस डिग्रीचं पाह्यजे. मॅडमनी मले कोनमापक देलं होतं. मी म्हनलं मॅडम, चाळीस वर्षं झाले, माह्या डोळ्यात कोनमापक आहे. तिरप्या डोळ्यानं पाह्यलं अन् कापला फर्मा.

बहात्तर तुकडे रंगून झाले, लाल, केशरी, पिवळे, पांढरे. पाईपाची फ्रेम मी वेल्डिंग करून ठेवेल होती. उंचीच्या जायाले सहा दिवस उरले होते. मैदानात सतरंजी टाकून आम्ही आठ फाकी तारेनं एकमेकीले बांधत मांडाले लागलो, एक, दोन, तीन, सात मांडल्या, आठवी मांडली, अन् पयल्या अन् आठव्या फाकीच्या मधात फट. टोकाशी काही नाही, पन बाहेरच्या अंगाले चांगली वीतभर. मुख्याध्यापक उभे, पोरं उभे, मॅडमचं तोंड उतरलं. अन् मी का केलं माहीत आहे? मी पोरावर वरडलो. म्हनलं वाकडं कापलं तुम्ही लोकांनी, रेष पाह्यली नाही, मोबाईल पाहून पाहून डोळे गेले तुमचे. सारे खालत पाहाले लागले. तं साक्षी हळूच म्हने, काका, मी पयल्याच दिवशी मोजलं होतं, फर्माच साडेत्रेचाळीसचा आहे. मी म्हनलं, तू मले शिकवतं काय वं? तुह्या बापाचं वय असन तेवढे वर्षं झाले कापून राहिलो मी. तिनं दप्तर उचललं अन् गेली. दुसऱ्या दिवशी शाळेत आली नाही.

त्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं, फर्मा घेतला, अन् शेजारच्या पोराजवळून कोनमापक मांगून आनलं. तीनदा मोजलं. साडेत्रेचाळीस. दीड डिग्रीचा फरक, आठ फाकीत बारा डिग्री, तीच वीतभर फट. काय सांगू तुम्हाले, चादर कापता कापता बोट कापलं तरी मले कधी इतकं लागलं नव्हतं. अन् मले सारखं एकच वाटे, मले शाळेत जे मास्तर मारे, त्याच्यात अन् माह्यात फरक का राहिला. पोरगी इचारून राहिली, अन् मी चूप बस म्हनून राहिलो.

मॅडमजवळून पत्ता घेतला अन् गेलो तिच्या घरी. तिची माय दारात आली, घाबरली, म्हने काय केलं हिनं? मी म्हनलं हिनं काही नाही केलं, मी केलं. साक्षी आतल्या दारात येऊन उभी राहिली. मले माफी मांगता येत नाही हो, आमच्या घरी कोनी कोनाले मांगितलीच नाही. मी म्हनलं, साक्षी, तुहं बरोबर होतं. ती म्हने, मले मालूम आहे. मी म्हनलं मंग पयल्याच दिवशी काहून नाही सांगितलं? ती म्हने, काका, तुम्ही इतक्या खुशीत होते. तिच्या मायनं मले पानी देलं. मी म्हनलं चल, आता सारखं कसं कराचं ते पाहू, माह्याच्यानं एकट्यानं नाही होत.

शाळेत जाऊन साऱ्या पोरासमोर सांगितलं. फर्मा वर धरून दाखवला, हा चुकेल आहे, अन् हा मी कापला. उंचीनं मॅडमले इचारलं हा का म्हनून राहिला, मॅडमनी सांगितलं, तं उंची हसत सुटली, म्हने माही पयली वाकळही बसली नव्हती, माह्या आजीनं तीनदा उसवाले लावली. पन आता उसवाले दिवस कुठं होते? अन् मांगं नावं लिहेल. मी म्हनलं फटीत एक पातळ पट्टी मारतो, रंग देतो, कोनाले समजनार नाही. साक्षी म्हने, आम्हाले तं समजन ना काका.

आम्ही दोघं फटीजवळ उकिडवे बसलो. मी आठवी फाक उचलून पयलीकडे ओढून पाह्यली, तं बाकीच्या साऱ्या फाकी थोड्या थोड्या वर उचलल्या. अन् माह्या डोक्यात लख्खकन आलं. अहो, नरसाळं! घासलेट ओताचं नरसाळं कसं बनते? गोल चादर घ्याची, त्यातून एक फाक काढून टाकाची, अन् कडा जवळ ओढून जोडाच्या. मी हजार नरसाळे बनवले असन. फट बुजवाची नव्हती, ओढून मिटवाची होती. साक्षीनं कागदाचे आठ तुकडे कापून चिकटवून पाह्यलं, पसरट परडीवानी झालं. ती म्हने काका, चांदनी सपाट नाही राहनार. मी उंचीले इचारलं, चालन काय? तिनं तो कागद हातात घेतला, आपल्या खांद्याच्या मांगं धरला, अन् म्हने, वाकळ कोनी पांघरली का ती सपाट कुठं राहते?

फ्रेम पुन्हा कापली, पाईप वाकवले. चार दिवस पोरं शाळा सुटल्यावर घरीच जात नव्हते. एकाच्या हातात ड्रिल, एकाच्या हातात रिव्हेटची बंदूक, बाकीचे धरून उभे. अकरा फुटाची चांदनी, मधात दीडक फूट खोल, उभी केली तं असं वाटे का कोनी हात पसरून बोलावून राहिलं.

शेवटच्या दिवशी रिव्हेट मारता मारता मी उंचीले इचारलं, बाई, इतक्या वाकळी तुम्ही लोकाच्या खांद्यावर टाकल्या, तुमच्या खांद्यावर कोनी टाकली? मॅडमनी इंग्रजीत इचारलं. उंचीनं लय वेळ रंगाचा ब्रश पुसला. मंग म्हने, होती एक. माह्या आजीनं शिवेल. माहा पोरगा गेला तवा त्याच्यासंगं देली. त्याच्यानंतर कोनी देली नाही, कारन सारे समजते का शिवनारीच्या घरी तं असनच. मले वाटलं मी इचाराले नको होतं. तं तीच म्हने, बरं केलं, इचारलं.

घरी आलो अन् मायले सांगितलं. माय वाकळीच शिवे आयुष्यभर, आता डोळ्यानं कमी दिसते तं बंद केलं. तिच्या पेटीत एकच वाकळ आहे, होती. तिच्या मायच्या लुगड्याची, आमच्या जुन्या गावात शिवेल, बंडीत आली होती ती आमच्यासंगं. त्या घरातली दुसरी एकही वस्तू आता आमच्याकडे नाही. मी काही मांगितलं नाही हो, मी निसतं सांगितलं. माय म्हने, ती जिथं राहते तिथं थंडी किती पडते? मी म्हनलं बर्फ पडते, मानसाच्या कमरेइतका. माय म्हने, अन् इथं? मी म्हनलं इथं का, पंधरा दिवस. माय म्हने, मंग ती पेटीत ठेवून मी काय करून राहिली? काढ. लता म्हने, सासूबाई, एकदा इचार करा. माय म्हने, केला.

उद्घाटनाले संस्थेचे अध्यक्ष आले, त्यांनी भाषन देलं, जरा जास्तच. मंग पोरांनी ठरवल्यावानी एकेक जन समोर आला अन् आपल्या तुकड्यामांगं कोनाचं नाव आहे ते सांगत गेला, अन् हे शिवनं आम्ही उंचीपासून शिकलो हेही दर जनानं म्हटलं. बहात्तर वेळा. कोनी कंटाळलं नाही. मी मायले ऑटोत आनलं होतं. साक्षीनं तिचा हात धरला अन् चांदनीच्या मधात जिथं उंची उभी होती तिथं नेलं. मायनं हातानं चाचपून उंचीचे खांदे पाह्यले, अन् त्यावर वाकळ टाकली. म्हने, घे बाई, थंडी लय आहे म्हनते तुह्याकडे.

उंची रडली नाही. तिनं मायचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले अन् काहीतरी बोलली, लांबलचक, तिच्या सोताच्या बोलीत. इंग्रजीत नाही. मॅडमले समजेना, त्या गडबडल्या. अन् माय आपली मान हालवत होती, हाव, हाव बाई, हाव. मंग मायही बोलली काहीतरी, अन् उंचीही तशीच मान हालवे. मी नंतर मायले इचारलं, ती का म्हनत होती वं? माय म्हने, तिनं मले सांगितलं, तुले कायले सांगू. उंचीलेही इचारलं. ती म्हने ते इंग्रजीत येत नाही. आता बोला. एवढं आयुष्य इचारन्यात गेलं, अन् ही एक गोष्ट मले अजून समजली नाही. पन याचा मले त्रास नाही होत.

चांदनी आहे मैदानात. दोन पावसाळे झाले, पिवळा रंग जरा उडाला, गंज नाही. रस्त्यावरून जानाऱ्याले वाटते डिश अँटेना आहे, कोनी इचारलं तं चौकीदार त्याले माह्याकडे पाठवते, अन् मी कूलर सोडून त्याले लकोटा सांगत बसतो. उंचीचा व्हिडिओवाला फोन येते मॅडमकडे, मंग मॅडम इथं दुकानात येऊन मले दाखवते, आम्ही एकमेकाले हात दाखवतो.

साक्षी आता अकरावीत आहे, सायन्सले. दर रविवारी येते. मले वाटे चादर कापाले येईन, तं नाही, ती मायजवळ जाऊन बसते. मायनं नवीन वाकळ काढली ना. या वयात! टाके हातानं अंदाजानं टाकते, वाकडे जाते, पन सुई तेवढी ओवता येत नाही. तं साक्षी एका बैठकीत वीसेक सुया ओवून ठेवते, उशीत टोचून, हप्ताभर पुरते मायले. मी इचारलं, माय, ही कोनासाठी? माय म्हने आधी होऊ तं दे. होईल का नाही देव जाने. देवानं तिले तेवढी नजर ठेवावी अन् त्या पोरीले रविवार मोकळा ठेवावा, आपलं दुसरं काही म्हननं नाही.